एकशे बेचाळीस मीटरवरचं सोनं

खानदेशात सोनं कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते जळगावच्या सराफ्यात आहे, लग्नसराईत बायकांच्या गळ्यात आहे आणि उरलेलं बँकेच्या लॉकरात. जमिनीखाली ते कोणी ठेवलेलं नाही. जमिनीखाली काळा पाषाण आहे, त्याखाली आणखी काळा पाषाण, आणि ज्याच्या नशिबात असेल त्याला मध्ये कुठेतरी पाणी. म्हणूनच शिंदखेड्याच्या पुढे चुडामण नानांच्या वावरात सोनं शोधायला कंपनी उतरली तेव्हा गाव पोट धरून हसलं. नानांनी मात्र बांधाकडची जागा दिली आणि रोज सकाळी खुर्ची टाकून मशीन बघत बसायला लागले. हसणाऱ्यांचे दात दिसतात, असं त्यांचं मत होतं.

गावाच्या हसण्याचा खरा राग आला तो मेघाला. ती कंपनीची भूवैज्ञानिक, जळगावच्या मेहरूणची, आणि नानांच्या वावराची निवड तिचीच. त्या शिवारातून एक काळी दगडी भिंत जाते. गावकरी म्हणतात, राक्षस ती एका रात्रीत बांधत होते, कोंबडा आरवला म्हणून अर्धी राहिली. मेघाच्या हिशेबी ती पृथ्वीच्या पोटातल्या तप्त रसाची होती. जमिनीला भेग पडली, रस वर आला आणि भेगेतच गोठला. तिचं म्हणणं इतकंच होतं की त्या भेगेच्या कडेनं कधीकाळी खालून कढत पाणीही वर आलं असणार, त्यानं पांढऱ्या गारगोटीच्या रेघा सोडल्या असणार, आणि पाणी पुरेसं खोलातून आलं असेल तर गारगोटीबरोबर सोनंही. वरिष्ठांनी माना हलवल्या. आधीची भोकं कोरडी गेली होती. हे शेवटचं, असं बजावून त्यांनी परवानगी दिली. यात काही निघालं नाही तर तंबू गुंडाळायचे आणि मेघाची कल्पनाही.

हे मशीन म्हणजे आपल्या बोअरवेलची गाडी नव्हे. बोअरवेलवाले दगडाचा भुगा करतात. हे मशीन हिऱ्याच्या दातांनी कापून दगड अख्खा काढतं, मुसळासारखी लांबलचक कांडी. त्या कांड्या क्रमानं पेट्यांत मांडायच्या, उभ्या चिरायच्या, अर्धी बाजू मीटरामीटरानं पिशव्यांत भरून प्रयोगशाळेला पाठवायची, अर्धी पेटीत जपायची. मग वाट बघायची. मे महिन्याच्या त्या उन्हात मेघानं तीन आठवडे वाट बघितली आणि रोज कोणावर तरी चिडली.

निकाल आला तेव्हा ती पत्र्याच्या शेडमध्ये जेवत होती. फोनवर आकड्यांची उभी रांग उघडली. शून्य, शून्य, शून्याच्या जवळपास, पुन्हा शून्य. तिचा घास तोंडातच राहिला. आणि एकशे बेचाळीस मीटरच्या पुढच्या नमुन्यासमोर अडतीस. टनाला अडतीस ग्रॅम. टनाला पाच ग्रॅम मिळाले तरी या धंद्यातली माणसं पेढे वाटतात. मेघानं डबा तसाच ठेवला आणि उष्ट्या हातानंच हितेंद्र सरांना फोन लावला.

हितेंद्र हे प्रकल्पाचे प्रमुख, धुळ्याच्या ऑफिसात बसणारे, एरवी सावध माणूस. पण सावध माणूस एकदा सुटला की त्याला आवरणं कठीण. "मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले, जरी ते कधीच म्हणाले नव्हते. "शुक्रवारी वरचे लोक येतायत. अहवाल तयार ठेव. पुढच्या दहा भोकांची जागा आखून ठेव."

संध्याकाळपर्यंत बातमी गावात पोचली. कशी, ते विचारू नये. खेड्यात बातमीला पाय लागत नाहीत, चाकं लागतात. नाना खुर्चीवरून उठून उभेच राहिले. "आपला वावरमा सोनं शे," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. "बठ्ठा गाव हसे. आते हसा." त्यांची बायको भागाबाई चहा घेऊन आली होती. तिनं कप मेघाच्या हातात दिला, तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि परत गेली. मेघाला तेव्हा ते खटकलं नाही. ती आनंदात होती, आणि आनंदात माणसाला दुसऱ्याचा चेहरा वाचायला सवड नसते.

खटकलं ते दुसरंच. सोनं एकाच मीटरमध्ये कसं? वर शून्य, खाली शून्य. तशाच पांढऱ्या रेघा इतर पेट्यांतही होत्या, त्यांत काही नाही. प्रयोगशाळेनं तोच नमुना पुन्हा तपासला तर आधी नऊ आला, मग एकसष्ट. सोन्याचा मोठा कण असला की आकडे असे उड्या मारतात, हे तिला माहीत होतं. म्हणजे ते खोटं नव्हतं. पण तिच्या डोक्यात एक किडा होता, लहानपणापासूनचा, आणि तो वळवळायला लागला की तिला झोपही लागायची नाही आणि जेवणही गोड लागायचं नाही.

तिनं ती पेटी उघडली. भिंग डोळ्याला लावलं. गारगोटीची रेघ कांडीच्या मधोमध होती. तिच्यात सोन्याचा मागमूस नव्हता. पिवळं होतं ते कांडीच्या अगदी वरच्या टोकाला, आणि तेही दगडाच्या आत नाही, दगडावर. उंबऱ्याला हळदीचं बोट पुसावं तसं चोपडलेलं. खाणीतलं सोनं दगडाच्या पोटात बसलेलं असतं. हे बाहेरून येऊन चिकटलं होतं. मेघानं सुईच्या टोकानं त्यातला एक कण सोडवला आणि कागदाच्या पुडीत बांधला.

रविवारी ती जळगावला गेली. तिचे वडील रुपचंद सराफ्यात टंच काढायचं दुकान चालवतात. सोनार, गिऱ्हाईक, कर्ज देणारे, सगळे त्यांच्याकडे दागिना आणतात आणि विचारतात, यात सोनं किती आणि भेसळ किती. पूर्वी हे काम कसोटीच्या दगडावर चालायचं, आता मशीन आहे; दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचं, चहाचा घोट घेईपर्यंत आकडे पडद्यावर. मेघानं पुडी पुढे केली.

"काय आहे?" रुपचंदांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

मशीननं सांगितलं. सोनं साडेएक्याण्णव टक्के, बाकी तांबं आणि थोडी चांदी. रुपचंदांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बावीस कॅरेट. चोख काम. कोणाचा दागिना आहे?"

"चुडामण नानांच्या वावराखालचा. एकशे बेचाळीस मीटरवरून काढलाय."

रुपचंद आधी हसले. "वा! म्हणजे जमिनीनं हॉलमार्क करूनच दिलं. मजुरीपण लावली असेल." मग त्यांनी लेकीचा चेहरा बघितला आणि हसणं थांबवलं. जमिनीतल्या सोन्यात चांदी असते, तांबं इतकं नसतं. तांबं सोनार घालतो, दागिना टिकावा म्हणून. हे दोघांनाही माहीत होतं.

"कोणीतरी मुद्दाम टाकलंय," रुपचंद म्हणाले. "आणि तू हे तिथे सांगितलंस तर पहिलं बोट कोणाकडे जाईल, विचार केलास? जागा तुझी, कल्पना तुझी, काम तुझं टिकायचं होतं, आणि बाप टंचवाला. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तुझंच नाव घेतलं असतं." त्यांनी आवाज खाली आणला. "गप्प बस, मेघा. बाजूला आणखी एक भोक घ्यायला लाव. ते कोरडं निघेल. प्रकरण आपोआप विझेल."

सल्ला वाईट नव्हता, बापाचा होता. पण मेघाला भीतीपेक्षा दुसरीच गोष्ट छळत होती. टाकलं, तर एकशे बेचाळीसावरच कसं? पिशवीत टाकायचं असतं तर भुगा टाकता आला असता. दगडाच्या टोकाला चोपडायचा उपद्व्याप कोण करेल?

परतीच्या एसटीत, पारोळ्याच्या अलीकडे, तिला ते सुचलं. पुढच्या बाकावरच्या बाईच्या पोरानं रुपयाचं नाणं पाण्याच्या बाटलीत टाकलं होतं आणि आता रडत होतं. नाणं बाटलीच्या बुडाशी. मेघा त्या बाटलीकडे बघतच राहिली. भोकात वरून काही टाकलं तर ते तळाशी जाणार. आणि तळ रोज खाली सरकतो. म्हणजे एकशे बेचाळीस हे ठिकाण नव्हतंच. तो दिवस होता. ज्या दिवशी तळ तिथे होता त्या दिवशी कोणीतरी वरून सोनं टाकलं, आणि मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा हिऱ्याच्या दातांनी ते रगडून कांडीच्या टोकाला माखलं. आपण इतके दिवस जागा शोधत होतो, शोधायची होती ती वेळ, या विचारानं तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर ती आपल्यावरचं संकटही विसरली.

मशीन चालवणारा नवल एरंडोलकडचा होता. त्याला विचारायचा अवकाश, तो हसायलाच लागला. "एकशे बेचाळीस? ती तं आखाजी, मॅडम. सर सांगेत काम बंद करू नका. पन आखाजीले घर जावानं सोडीसन मशीन कोन चालाडी? आम्ही बठ्ठा दांड्या काढ्यात, तोंडवर पोतं दाबं आनि गऊत."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण खानदेशात ती नुसती तिथी नाही. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांच्या नावानं घागर भरतात, आणि कितीही मोठा साहेब असला तरी त्याचं कोणी ऐकत नाही. म्हणजे त्या दिवशी मशीनपाशी कोणी नव्हतं; मेघाही दिवसभर तंबूत नोंदी लिहीत बसली होती. भोक उघडं होतं आणि त्यावर एक पोतं.

नानांचं घर वावरातच. मेघा गेली तेव्हा नाना ओट्यावर बसून पुढच्या साली कापूस लावावा की नाही यावर स्वतःशीच वाद घालत होते. भागाबाई आत दादर ज्वारी निवडत होती. मेघा तिच्याजवळ बसली आणि दोन मुठी दाणे तिनंही निवडले. भागाबाईच्या गळ्यात मंगळपोत होती, जुन्या घडणीची. वाट्यांच्या एका अंगाला सोन्याचे मणी जोडीनं होते. दुसऱ्या अंगाला एका मण्याच्या जागी नुसता दोरा.

"अक्का, मणी पडला का?"

भागाबाईचा हात थांबला. तिनं पदर गळ्यावरून ओढून घेतला. "जुनी पोत शे. दोरा झिजना."

"आखाजीला तुम्ही मशीनपाशी गेला होतात का?"

"मी कसाले जाऊ?" ती म्हणाली आणि दाण्यांकडे बघत राहिली. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोललं की खोली अवघडते. मेघाला उत्तर मिळालं होतं, पण ते तिच्या कामाचं नव्हतं. ओट्यावर नाना कोणाला तरी फोनवर सांगत होते, आपल्या वावरात सोनं आहे. बाईच्या तोंडून जबरदस्तीनं वदवून घ्यायचं, तेही त्यांच्यादेखत, हे मेघाच्यानं झालं नाही. ती उठली.

हितेंद्र सर वरच्या लोकांची व्यवस्था बघायला शेडवर मुक्कामालाच आले होते. मेघानं त्यांना सगळं सांगितलं. सोनं बाहेरचं आहे, दागिन्याचं आहे, आखाजीच्या दिवशी भोकात पडलेलं आहे. कोणाचं, ते सांगितलं नाही. हितेंद्रांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि उतरलेल्या चेहऱ्याला कोणीतरी जबाबदार लागतं.

"बावीस कॅरेट आहे हे तुला कसं कळलं?"

"वडिलांच्या दुकानात तपासलं."

"जळगावच्या टंचवाल्याची मुलगी," ते सावकाश म्हणाले, "आणि तिनं दाखवलेल्या दगडात बावीस कॅरेट. आता पकडलं जाणार असं वाटलं म्हणून स्वतःच सांगायला आलीस. मी वर काय सांगू, मेघा?"

"मी टाकलं असतं तर बिनतांब्याचं टाकलं असतं, सर. इतकी अक्कल मला घरातूनच मिळालीय."

हे उत्तर बरोबर होतं, पण अशा वेळी बरोबर उत्तरांचा उपयोग होत नाही. पेट्यांच्या शेडच्या किल्ल्या तिनं तिथेच ठेवाव्यात, चौकशी होईपर्यंत घरी राहावं, असं ठरलं. मेघा रडली नाही. रागानं तिचे कान तापले होते. तिनं बॅग जीपमध्ये टाकली. सगळ्यात जास्त दुखत होतं ते हे, की आता आयुष्यभर या धंद्यात कोणी तिच्या आकड्यांवर विश्वास ठेवणार नव्हतं.

भागाबाई दुधाची कासंडी घेऊन बांधावरून येत होती. "कोठे चालनी, माय?"

"घरी. सोनं मी टाकलं म्हणतात."

भागाबाईनं कासंडी तिथेच बांधावर ठेवली. दूध सांडेल याचीही तिला शुद्ध नव्हती. ती सरळ शेडमध्ये गेली, जिथे आजवर तिनं चहाच्या निमित्तानेही उंबरा ओलांडला नव्हता. आत हितेंद्र होते, नवल होता, आणि तिच्या मागोमाग नानाही धावत आले. तिनं गळ्यातली पोत काढली नाही. पदर बाजूला केला आणि रिकामा दोरा बोटानं वर धरला.

"हाऊ मनी मन्हा शे," ती म्हणाली. "आखाजीले मी टाका. तिले काय बोलतस?"

नाना दारातच थबकले. "काय सांगस तू?"

"धरतीनं पोट फोडतस तं पहिले तिनी ओटी भरतस. सोनानी, इतलीसी का व्हयना. मंगज पहार लावतस." ती हितेंद्रांकडे वळली. "तुम्ही काय करं? नारळ फोडा, तोबी बूट घालीसन. ओटी कोनी भरी? मन्हा बापनी इहीर खोदी तव्हय बी ओटी नही भरी. कडा धसना. मन्हा भाऊ खाले व्हता."

पत्रा उन्हानं कडकडत होता.

"मंग आधी का नाही सांगितलं, अक्का?" हितेंद्रांनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

"दिनं तं सांगानं नही. सांगं की ते आपलं ऱ्हास, धरतीले पोचत नही." मग तिनं मेघाकडे बघितलं, त्या दिवशी चहा देताना बघितलं होतं तसंच. "हाई पोर रोज त्या मशीनजोडे उभी ऱ्हास. डोकावर काय टोपी घालस, तिना काय उपेग? आखाजीले बठ्ठास्न्या लेकी घर उन्यात. हाई तंबूमा एकलीच भाकर खाये. मन्हा जीव लागे ना. तिन्हासाठे दिनं."

तिच्या कल्पनेचा पुरावा म्हणून जे सोनं ती भिंगाखाली धरून बसली होती, ते तिच्याच जिवासाठी कोणीतरी गळ्यातून तोडून दिलेलं होतं. खानदेशातल्या पाषाणाबद्दल ती खूप काही शिकली होती. हे कुठे शिकवत नव्हते. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"म्हंजे आपला वावरमा सोनं नही," नाना हळू म्हणाले.

"व्हतं ना," भागाबाई म्हणाली. "खोटं नही शे ते. मन्हं शे, बस."

हितेंद्रांनी किल्ल्या उचलून मेघाच्या हातात दिल्या आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "अहवाल तूच लिही." माफी मागण्याची त्यांची ती पद्धत होती. मेघानं लिहिला. या भोकात नैसर्गिक सोनं आढळलं नाही, असं लिहिलं, आणि तो 'नैसर्गिक' शब्द तिनं मुद्दाम ठेवला. शुक्रवारी वरचे लोक आले, वाचलं, चहा प्यायले, तंबू गुंडाळायला सांगून गेले. गाव पुन्हा हसलं. या वेळी नानाही जरा हसले, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

शेवटच्या दिवशी भोक सिमेंटनं बुजवायचं होतं. नवल सिमेंट कालवत होता. मेघानं पुडी भागाबाईपुढे धरली. सुईच्या टोकाएवढा तो कण अजून त्यात होता. "अक्का, एवढाच उरलाय. तुमचा आहे."

"दिनं ते मी परत लेत नही."

मग मेघानंच भोकाशी वाकून पुडी उघडली. आपण काय करतोय हे तिच्या एखाद्या प्राध्यापकानं बघितलं असतं तर त्यानं पदवी काढून घेतली असती. कण इतका हलका होता की तो आतल्या पाण्यावर तरंगत राहील, तळाला जाणारच नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ती ते सांगणारही होती. पण भागाबाई भोकावर कान लावून बसली होती, डोळे मिटून, आणि तिच्या बाजूला मेघाही नकळत कान देऊन बसली.

"पोचनं," भागाबाई म्हणाली.

"हो," मेघा म्हणाली.

नवलनं सिमेंट ओतलं. भागाबाईनं लुगड्याला हात पुसले, मेघाच्या ओटीत खोबऱ्याची वाटी आणि मूठभर दादर टाकली. "पुढली आखाजीले ये," ती म्हणाली. "काम नसी तरी ये. मी झोका बांधी ठेवसू."